पायांखालची प्रजा : मातींतील उडशेपट्या

मनुष्याची दृष्टि स्वभावतःच वर जाते. आकाशांतील नक्षत्रें, झाडांवरील पक्षी, फुलांवरील फुलपांखरें यांचें कौतुक करण्यांत कवि आणि शास्त्रज्ञ या दोघांनींहि सारखाच उत्साह दाखविला आहे. परंतु ज्या मातीवर आपलें अन्न, वस्त्र व घर हीं तिन्ही उभीं आहेत, तिच्या पोटांत काय चाललें आहे याची चौकशी करण्यासाठीं खालीं वांकणारे थोडेच. माती म्हणजे दगडाचा भुगा. तींत पाणी पडलें आणि बीं पेरलें कीं पीक येतें, एवढीच बहुतेकांची समजूत असते. वस्तुतः माती ही एक गजबजलेली वसाहत आहे. त्या वसाहतींतील संख्येनें प्रचंड, पण डोळ्यांस जेमतेम दिसणाऱ्या अशा एका प्रजेची ओळख आज वाचकांस करून द्यावयाची आहे.

मराठवाड्यांत ‘जालना सोने का पालना’ ही म्हण सर्वांस ठाऊक आहे. कुंडलिका नदीच्या कांठचें हें गांव पुरातन काळापासून व्यापाराचें. १६७९ सालीं शिवाजीमहाराजांच्या फौजेनें ही पेठ लुटली, याचाच अर्थ ती लुटण्याजोगी संपन्न होती. पुढें कापूस व धान्य यांच्या व्यापारानें, आणि १९६४ पासून बद्रीनारायण बारवाले यांनीं उभारलेल्या बियाण्यांच्या धंद्यानें जालन्याचें नांव दूरवर गेलें. बारवाले यांना १९९८ सालीं जागतिक अन्न पारितोषिकहि मिळालें. जुन्या जालन्यांतील वाडे व गल्ल्या पाहतांना ह्या वैभवाचा मागमूस अजून लागतो. परंतु पेठेंतील सोनें आलें तें सभोंवारच्या काळ्या मातींतून, आणि त्या मातीचा कस ज्यांच्या हातीं आहे त्या कामकऱ्यांचें नांव मात्र कोणत्याहि वहींत लिहिलेलें नाहीं.

पहिल्या पावसाचा गंध

मृग निघाला, उन्हानें भाजलेल्या अंगणावर पहिली सर कोसळली, कीं जो सुवास दरवळतो त्याचें वर्णन करण्याची गरज नाहीं. त्या सुवासाचा एक मोठा घटक ‘जिऑस्मिन’ ह्या नांवाचा पदार्थ होय. १९६५ सालीं अमेरिकेंतील दोन संशोधकांनीं तो वेगळा करून त्यास हें नांव दिलें. ग्रीक भाषेंत त्याचा अर्थ ‘मातीचा वास’ असाच आहे. आपलें नाक ह्या पदार्थाच्या बाबतींत विलक्षण तीक्ष्ण आहे. पाण्याच्या एक लाख कोटि भागांत त्याचे पांच-दहा भाग असले तरी पुष्कळांस तो ओळखूं येतो. तो तयार करतात मातींतील ‘स्ट्रेप्टोमायसिस’ नांवाचे सूक्ष्म जंतु. क्षयरोगावरील ‘स्ट्रेप्टोमायसिन’ हें औषध १९४३ सालीं ज्यांच्यापासून मिळालें, ते ह्याच कुळांतील. पावसाचा थेंब कोरड्या, सच्छिद्र मातीवर आदळला म्हणजे त्याखालीं हवेचे बुडबुडे अडकतात, ते वर येऊन फुटतात आणि त्यांच्याबरोबर मातींतील द्रव्यांचे सूक्ष्म तुषार हवेंत उडतात, असें २०१५ सालीं वेगवान छायाचित्रांच्या साहाय्यानें दाखविण्यांत आलें.

पण ह्या जंतूंनीं एवढा खटाटोप करून सुगंध कां बनवावा? आपल्या नाकासाठीं खास नव्हे. ह्याचें एक समाधानकारक उत्तर २०२० सालीं स्वीडन व इंग्लंड येथील शास्त्रज्ञांनीं दिलें. हे जंतु बीजाणु धरूं लागले म्हणजे तो वास सोडतात, आणि त्या वासाच्या रोखानें मातींतील एक चिमुकला सहा पायांचा प्राणी तेथें येतो. तो जंतु खातो. परंतु बीजाणु त्याच्या अंगास चिकटतात, कांहीं त्याच्या विष्ठेंतून जिवंत बाहेर पडतात, आणि अशा रीतीनें ते नव्या जागीं जाऊन रुजतात. इतर बारीक प्राण्यांस हे जंतु विषारी ठरतात. ह्या पाहुण्यास मात्र तें विष पचविण्याची युक्ति साधली आहे. आंब्याची कोय दूरवर टाकणाऱ्या पोरांत आणि ह्या प्राण्यांत फरक एवढाच, कीं हे आमंत्रण वासाचें आहे व तें कोट्यवधि वर्षांपासून चालत आलें आहे.

उडशेपटी कशी असते?

हा पाहुणा म्हणजे इंग्रजींत ज्यास ‘स्प्रिंगटेल’ व शास्त्रांत ‘कोलेंबोला’ म्हणतात तो प्राणिवर्ग. घरोघरच्या बोलींत त्याला रूढ असें नांव नाहीं. म्हणून ह्या लेखापुरतें आपण त्यास ‘उडशेपटी’ म्हणूं. बहुतेक उडशेपट्या मोहरीच्या दाण्याएवढ्या किंवा त्याहूनहि लहान असतात. अर्धा मिलिमीटर ते तीन-चार मिलिमीटर ही त्यांची सामान्य लांबी. जगांत त्यांच्या ९,००० हून अधिक जातींची नोंद झाली आहे. सहा पाय असूनहि आजचे शास्त्रज्ञ त्यांना खरे कीटक मानीत नाहींत. कारण त्यांचे तोंडाचे अवयव डोक्याच्या आंत दडलेले असतात, पोटाचे वलयहि सहाच असतात, आणि पंख तर त्यांच्या कुळांत कधींच नव्हते. अंड्यांतून निघालेलें पिलूं आईबापासारखेंच दिसतें. सुरवंटाचें फुलपांखरूं व्हावें तसें येथें कांहीं होत नाहीं. वाढ पुरी झाल्यावरहि ही प्रजा जन्मभर कात टाकीत राहते.

तिचें नांव सार्थ करणारा अवयव पोटाखालीं असतो. शेपटीच्या टोंकाकडून निघालेला एक दुबेळकी दांडा पुढें दुमडून पोटाशीं एका आंकड्यांत अडकवून ठेवलेला असतो. भीति वाटली कीं आंकडा सुटतो, दांडा जमिनीवर आपटतो आणि प्राणी हवेंत फेंकला जातो. विटीच्या टोंकावर दांडूचा टोला बसावा तसा. २०२४ सालीं गोलाकार शरीराच्या एका जातीचें वेगवान चित्रण प्रसिद्ध झालें. ती हवेंत उलट्या कोलांट्या घेतांना एका सेकंदास ३६८ फेऱ्यांच्या वेगानें गरगरते असें आढळून आलें. इवल्या देहानें इतक्या वेगानें फिरणारा दुसरा प्राणी शोधूनहि क्वचितच सांपडेल.

दुसरा अवयव याहून चमत्कारिक आहे. पोटाच्या पहिल्या वलयाखालीं एक लहानशी नळी असते. तिनें हा प्राणी ओलावा शोषून घेतो व गुळगुळीत पृष्ठभागास चिकटूनहि राहतो. इंग्लंडांतील सर जॉन लबक यांनीं ह्या नळीवरूनच ‘कोलेंबोला’ हें नांव १८७० च्या सुमारास दिलें. ‘कोला’ म्हणजे ग्रीकमध्यें डिंक. शरीराची कातडी मात्र अशी घडविलेली असते, कीं तिला पाणी लागत नाहीं. पावसाच्या डबक्यावर राखाडी भुकटी पडल्यासारखी दिसावी, बोट लावतांच ती टणाटण उडावी, असें ज्यांनीं पाहिलें असेल त्यांनीं उडशेपट्यांचा थवाच पाहिला असें समजावें.

मातीच्या थरांप्रमाणें त्यांचीं रूपेंहि बदलतात. पाचोळ्यावर वावरणाऱ्या रंगीत, लांब मिशांच्या व चपळ असतात, आणि त्यांचा उडण्याचा दांडा बळकट असतो. जसजसें खोल जावें तसतशा त्या पांढऱ्या, आंधळ्या व आंखूड पायांच्या होत जातात. अरुंद फटींत उडावयास जागाच नसल्यामुळें त्यांचा दांडाहि खुरटतो.

काळ्या मातीहून जुनें घराणें

घराण्याचा प्राचीनपणा हा आपल्याकडे अभिमानाचा विषय असतो. त्या कसोटीस उडशेपट्यांपुढें टिकणारीं घराणीं पृथ्वीवर फारच थोडीं. स्कॉटलंडांत ऱ्हायनी ह्या गांवाजवळ गारगोटीसारख्या दगडांत सुमारे ४० कोटि वर्षांपूर्वींचे जीव जसेच्या तसे जतन झाले आहेत. त्यांत एक उडशेपटी सांपडली. तिचें वर्णन १९२६ सालीं प्रसिद्ध करणाऱ्या दोघां शास्त्रज्ञांत एक आपल्याच देशांतील होते. ते म्हणजे लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें काम करणारे समरेंद्र मौलिक. ‘ऱ्हायनिएला प्रीकर्सर’ ह्या नांवानें ओळखला जाणारा हा अवशेष सहा पायांच्या प्राण्यांच्या अत्यंत जुन्या अवशेषांपैकीं एक समजला जातो.

आतां जालन्याच्या मातीकडे वळूं. दख्खनच्या पठारावर लाव्ह्याचे थर पसरले त्यास सुमारे साडेसहा कोटि वर्षें झालीं. त्या काळ्या दगडाची झीज होऊन आपली कापसाची काळी माती झाली. म्हणजे ज्या मातीस आपण अनादि मानतों, तिचा दगड निर्माण होण्यापूर्वींच उडशेपट्यांच्या घराण्यास तेहतीस कोटि वर्षें लोटलीं होतीं. पहिल्या वनस्पति जमिनीवर पाय रोवीत होत्या, तेव्हांपासून हीं मंडळी त्यांच्या मुळांशीं व त्यांच्या केरकचऱ्याशीं संसार करीत आलीं आहेत.

त्यांचें काम

उडशेपट्या पाचोळा खाऊन त्याची माती करतात, असें सरसकट सांगण्यांत येतें. तें पूर्ण खरें नाहीं. त्यांचें मुख्य अन्न पाचोळ्यावर वाढणारी बुरशी, सूक्ष्म शेवाळ, जंतु व कुजकी द्रव्यें हें आहे. पाचोळा कुजविण्याचें काम बुरशी व जंतु करतात. उडशेपट्या त्या कामावर चरतात. पण ह्या चरण्यांतच त्यांचें महत्त्व आहे. बुरशी आपल्या तंतूंत नत्र व इतर पोषक द्रव्यें सांठवून ठेवते. तीं तिच्यापाशींच राहिलीं तर मुळांस काय मिळणार? उडशेपटी ते तंतु खाते, तिला नको असलेलें नत्र बाहेर टाकते, आणि तें मुळांच्या आवांक्यांत येतें. कंजूष सावकाराच्या तिजोरींतील पैसा बाजारांत यावा तसा हा प्रकार आहे. शिवाय माफक छाटलेली बुरशी नव्यानें फुटते, आणि उडशेपट्यांच्या बारीक लेंड्या जंतूंच्या नव्या वाढीस आश्रय देतात.

कापूस पिकविणाऱ्या मुलखास विशेष वाटावी अशी एक गोष्ट अमेरिकेंतील अलाबामा राज्यांत दिसून आली. कापसाचीं कोंवळीं रोपें ‘रायझोक्टोनिया’ नांवाच्या बुरशीनें मरतात. तेथील संशोधकांनीं १९८० नंतरच्या दशकांत प्रयोग करून दाखविलें, कीं विशिष्ट जातींच्या उडशेपट्या ही रोगकारक बुरशी आवडीनें खातात आणि त्या असल्या म्हणजे रोपें मरण्याचें प्रमाण घटतें. कुंड्यांतील प्रयोग व शिवारांतील पीक यांत अंतर असतें हें खरें. तरी दिशा स्पष्ट आहे.

वाड्यांच्या जुन्या भिंतींवर पावसाळ्यांत जी हिरवी मखमल चढते, त्या मॉसच्या वंशवृद्धीसहि उडशेपट्या व मातींतील बारीक कोळीवर्गीय माइट हातभार लावतात, असें २००६ सालीं सिद्ध झालें. फुलांस जशी मधमाशी, तशी ह्या बिनफुलांच्या वनस्पतीस उडशेपटी! शेवटीं, त्या स्वतः मुंग्या, कोळी, भुंगेरे व माइट यांचें अन्न आहेत. आणि त्या प्राण्यांवर पक्षी व पाली जगतात.

सर्वच जाती साधुवृत्तीच्या आहेत असें मात्र नाहीं. ऑस्ट्रेलियांत ‘स्मिंथुरस व्हिरिडिस’ ही हिरवी जात लसूणघासाचीं पानें कुरतडून मोठें नुकसान करते. परंतु हजारों जातींत अशा उपद्रवी जाती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत.

त्यांची संख्या ऐकून आश्चर्य वाटेल. चांगल्या वनभूमींत एका चौरस मीटरांत दहा हजारांपासून लाखापर्यंत उडशेपट्या नांदतात. वारंवार नांगरलेल्या, उघड्या व कोरड्या जमिनींत ही वस्ती पुष्कळ विरळ होते. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक गणनेनुसार पृथ्वीवरील सर्व उडशेपट्यांच्या देहांतील नुसता कर्ब सुमारे २ कोटि ७५ लाख टन भरतो. हिंदुस्थानांतील जातींचा अभ्यासहि जुना आहे, ए. डी. इम्स ह्या कीटकशास्त्रज्ञानें येथील, ब्रह्मदेशांतील व सिंहलद्वीपांतील जातींवर १९१२ सालीं निबंध लिहिला होता.

दुष्काळ, विष आणि विस्तव

जालना जिल्हा पर्जन्यछायेच्या मुलखांत मोडतो. २०१२-१३ च्या दुष्काळांत येथील मोसंबीच्या बागा वाळून गेल्या. पोटच्या पोराप्रमाणें वाढविलेलीं झाडें शेतकऱ्यांस तोडावीं लागलीं. त्या वर्षीं माणसें टँकरची वाट पाहत असतां मातींतील ह्या प्रजेचें काय झालें असेल? उडशेपटीचें अंग पातळ. कोरडी हवा तिला थोड्याच वेळांत मारते. तरीहि ती नामशेष होत नाहीं. ओलावा खालीं सरकला कीं ती फटींतून खालीं उतरते, आणि काळ्या मातीस उन्हाळ्यांत पडणाऱ्या खोल भेगा ह्या कामीं तयार जिन्यासारख्या असतात. कांहीं जातींचीं अंडीं कोरडा काळ काढून पहिल्या ओलाव्यानें फुटतात. ‘फॉल्सोमायडिस’ वर्गांतील कांहीं जाती तर अंगांतील बहुतेक पाणी गमावून वाळल्या स्थितींत निपचित पडून राहतात आणि पाऊस येतांच पुन्हां चालूं लागतात.

निसर्गाच्या दुष्काळास तोंड देण्याची तयारी तिच्यापाशीं आहे; माणसानें आणलेल्या दुष्काळास मात्र नाहीं. पाचोळा व पिकाचीं धसकटें पेटविलीं म्हणजे अन्न, निवारा व ओलावा हीं तिन्ही एका घटकेंत जातात. जमिनींत दाणेदार कीटकनाशकें पेरलीं म्हणजे उपद्रवी किडींबरोबर हीहि प्रजा मरते. ‘फोरेट’ हें असें एक जहाल विष आपल्या देशांत २०२० अखेर बंद करण्यांत आलें. कोणतेंहि द्रव्य मातीस किती घातक आहे हें ठरविण्यासाठीं जगभर ‘फॉल्सोमिया कँडिडा’ ह्या पांढऱ्या उडशेपटीवर प्रयोग करतात; त्याची आंतरराष्ट्रीय पद्धति १९९९ सालीं निश्चित झाली. मातीची नाडी पाहावयाची तर ती हिच्या मनगटावर!

परंतु नाडी पाहणाऱ्यानें घाई करूं नये. डी.डी.टी. नवें होतें त्या काळीं इंग्लंडांत असें आढळलें, कीं तें वापरलेल्या जमिनींत उडशेपट्या घटण्याऐवजीं वाढल्या! कारण त्यांना खाणारे माइट त्या विषानें अधिक मेले होते. तेव्हां नुसती गर्दी हें आरोग्याचें लक्षण नव्हे. निरनिराळ्या जाती, त्यांचे शत्रु व त्यांचें अन्न हीं सारीं यथाप्रमाण असणें हेंच खरें लक्षण होय. एकत्र कुटुंबांत वावरणाऱ्यांस हें तत्त्व अधिक समजावून सांगण्याचें कारण नाहीं.

घरच्या घरीं दर्शन

ही मंडळी पाहावयाची असल्यास महागडीं उपकरणें लागत नाहींत. इटलींतील अंतोनिओ बेर्लेसे यांनीं १९०५ सालीं काढलेली युक्ति मुलांनीं सुटीच्या दिवशीं जरूर करून पाहावी. एक मोठें नरसाळें घ्यावें व त्यांत तारेच्या जाळीचा तुकडा बसवावा. झाडाखालचा ओलसर पाचोळा व त्याखालील माती यांची ओंजळभर त्या जाळीवर अलगद पसरावी. नरसाळें एका बरणीवर उभें करून खालीं पांढऱ्या वाटींत थोडें पाणी ठेवावें. वरून वीतभर अंतरावर साधा विजेचा दिवा लावावा. तो पाचोळ्यास टेकणार नाहीं याची काळजी वडील माणसांनीं घ्यावी. वरून ऊब व उजेड येऊं लागला कीं आंतील प्राणी ओलावा व अंधार शोधीत खालीं सरकतात आणि एक-दोन दिवसांत वाटींत पडतात. त्यांत उडशेपट्या ओळखणें सोपें. इतर प्राणी भिजतात, ह्या मात्र पाण्यावर कोरड्या तरंगतात. भिंगांतून पाहिल्यास त्यांच्या मिशा व दुमडलेली शेपटीहि दिसेल. पाहून झाल्यावर त्यांना परत झाडाखालीं सोडावें.

गृहिणींस एक सूचना. पावसाळ्यांत न्हाणीघरांत, मोरीपाशीं किंवा कुंडीखालच्या ताटलींत बारीक उडते जीव दिसले कीं ‘पिसवा झाल्या’ म्हणून घरांत धांवपळ होते. त्या बहुधा उडशेपट्या असतात. त्या चावत नाहींत, रक्त पीत नाहींत, रोग पसरवीत नाहींत. जागा ओली आहे एवढेंच त्या सांगतात. औषध फवारण्यापेक्षां गळका नळ दुरुस्त करावा आणि खिडकी उघडावी. कोरडें झालें कीं त्या आपण होऊन जातात.

आणि कुंडींत दिसल्या तर त्यांना राहूं द्यावें. इंदूर येथें १९२४ ते १९३१ ह्या काळांत सर आल्बर्ट हॉवर्ड यांनीं यशवंत वाड यांच्या साहाय्यानें शेतांतील काडीकचरा व शेण यांपासून सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत करण्याची रीत बसविली. तीच पुढें ‘इंदूर पद्धति’ म्हणून जगभर गेली. त्या ढिगांत आधीं बुरशी कामास लागते व मागाहून जंतु. जेथें बुरशी व ओलावा तेथें उडशेपट्यांना निमंत्रण धाडावें लागत नाहीं. वाड्याच्या परसांत, सोसायटीच्या कुंपणाशीं किंवा गच्चीवरील एखाद्या जुन्या पिंपांत असा एक ढीग प्रत्येक कुटुंबास ठेवतां येईल. रोज सकाळीं अंगण झाडून पाला पेटविण्याची संवय पुष्कळ गांवांतून आहे. तो धूर शेजाऱ्यांच्या छातींत जातो आणि मातीच्या तोंडचा घांस राखेंत जातो. तोच पाला झाडाच्या बुंध्याशीं ओढून ठेवला तर उन्हाळ्यांत ओल टिकेल, माती भुसभुशीत होईल, आणि तिच्यांतील प्रजा पुढच्या मृगापर्यंत तग धरील.

जेवणापूर्वीं ताटाभोंवतीं चित्राहुति घालून चार शितें इतर जीवांसाठीं बाजूस काढण्याचा रिवाज आपल्या घरांतून पिढ्यान् पिढ्या पाळला गेला आहे. अन्न आपणां एकट्याचें नव्हे, ही जाणीव त्यामागें होती. झाडाखालीं राहूं दिलेला ओंजळभर पाचोळा हीहि तशाच जातीची आहुति समजावी. ती ज्यांच्या मुखीं पडते त्यांना आपण पाहत नाहीं. परंतु पुढच्या पहिल्या सरीला जो गंध येईल, त्यांत त्यांचाहि वांटा असेल.